ऐकणाऱ्यांनी राखलेलं गाणं

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरवला. हिंदुस्थानातल्या ध्वनिमुद्रणाची ही सुरुवात. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तंजावरचे कथेकरी कृष्ण भागवतर वारले. यंत्र दक्षिणेत रुळायच्या आत माणूस गेला. कावेरीकाठची गावंच्या गावं ज्या कथेसाठी रात्रभर जागली, तिचा एक सूरही आज ऐकता येत नाही. उरल्या त्या ऐकणाऱ्यांच्या आठवणी. कुणी त्या लिहून ठेवल्या, कुणी शिष्याला सांगितल्या, कुणी घरातल्या मुलांना. हे पुस्तक त्या आठवणींबद्दल आहे आणि कृष्ण भागवतर व त्यांचे साथीदार यांच्या ज्या संचाने त्या मागे ठेवल्या, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल आहे.

मराठी वाचकाला कृष्ण भागवतर हे नाव बहुधा परकं वाटेल, आणि याची मला मनापासून खंत आहे. कारण त्यांनी जे उभं केलं त्याचं बी आपल्याकडून गेलेलं होतं. आज तमिळनाडूत ज्याला हरिकथा किंवा कथाकालक्षेपम म्हणतात, ती तंजावरात मराठी कीर्तन आणि कर्नाटक संगीत यांच्या मिलाफातून घडली. तमिळ कथेत आजही साकी असते, दिंडी असते, ओवी, आर्या, अभंग, घनाक्षरी, अंजनीगीत असतं. आणि नावंही हीच असतात. शाकुंतल आणि सौभद्रमुळे साकी-दिंडी ओळखणाऱ्या आपल्या नाट्यरसिकाला कुंभकोणमच्या एखाद्या मंदिरात तमिळमधून दिंडी ऐकू आली, तर शब्द कळले नाहीत तरी चाल तो लगेच ओळखेल.

हे घडलं कसं, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावर घेतलं, त्यानंतर तिथे मराठी माणसाबरोबर मराठी कीर्तनही गेलं. समर्थ रामदासांच्या शिष्यांचे मठ तंजावर आणि मन्नारगुडीकडे उभे राहिले. मठ आला की रोजचं भजन आलं, नैमित्तिक कीर्तन आलं, टाळ-चिपळ्या आल्या. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतल्या सामुदायिक भजनाला जो क्रम घालून दिला, त्यात संस्कृत, तेलुगू, तमिळ पदांच्या जोडीला मराठी अभंगांनाही जागा मिळाली. ती अजून टिकून आहे. मराठीचा गंध नसलेली तमिळ मंडळी पंढरीचे अभंग तोंडपाठ म्हणतात. तंजावरहून त्रावणकोरला गेलेल्या मेरुस्वामींनी स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारात कीर्तन रुजवलं आणि महाराजांनी स्वतः अजामिळ आणि कुचेल यांची आख्यानं कथेसाठी रचली. म्हणजे कृष्ण भागवतरांच्या आधीच जमीन नांगरून तयार होती.

पण १८५५ साली एक मोठी गोष्ट घडली. दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने तंजावरचं राज्य खालसा केलं. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य एका राज्याच्या शेवटासारखं येतं. संगीताच्या बाजूने मला ते उलट दिसतं. दरबार होता तोवर गाणाऱ्याचा पोशिंदा एक होता आणि त्याची नोंदही होती. कोणत्या गवयाला काय बिदागी मिळाली, कोणत्या नर्तकीला कोणतं वस्त्र दिलं, हे तंजावरच्या मोडी दप्तरात सापडतं. दरबार मिटल्यावर गाणारा गावात आला, मंदिराच्या आवारात, जमीनदाराच्या लग्नमंडपात, अग्रहाराच्या रस्त्यावर. आता त्याला पोसणारे हजारो कान होते, पण त्याची नोंद ठेवणारा कारकून नव्हता. कारकुनाचं काम चाहत्याकडे आलं. १८५५ नंतरच्या तंजावरच्या संगीताचा इतिहास म्हणूनच चाहत्यांच्या आठवणींतून वाचावा लागतो, आणि तो तसा वाचता येतो, हे मला या पुस्तकात सांगायचं आहे.

योगायोग असा की त्याच १८५५ साली या आठवणींचा सर्वांत मोठा लेखक जन्मला: उ. वे. स्वामिनाथ अय्यर. प्राचीन तमिळ ग्रंथ ताडपत्रांवरून शोधून छापणारे महापंडित म्हणून सारा तमिळनाडू त्यांना ओळखतो. त्यांचं गाव उत्तमदानपुरम, पापनाशमच्या अगदी शेजारी. आत्मचरित्राच्या सुरुवातीला त्यांनी गावाच्या जन्माची कथा दिली आहे. तंजावरचा एक राजा फिरतीवर असता पापनाशमजवळ उतरला. जेवणानंतर विडा चघळला आणि मग लक्षात आलं की आज एकादशी! प्रायश्चित्त म्हणून त्याने ब्राह्मणांना घरं आणि जमिनी दान देऊन अग्रहार वसवला, तो उत्तमदानपुरम. लेखक जो काळ सांगतात तो पाहिला तर हा राजा मराठाच असणार. एकादशीला विडा खाल्ला म्हणून हळहळणारा राजा मला तरी अगदी घरचा वाटतो.

पापनाशमचा हा सगळा टापूच ऐकणाऱ्यांचा. कुंभकोणम ते तंजावर रेल्वेवरचं हे तालुक्याचं गाव कुडमुरुट्टी नदीच्या काठी आहे. तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायकांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार उभं आहे. ते पाहिलं की या भागातल्या कलेचं अर्थशास्त्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भात पिकायचा, कोठारं भरायची, मिरासदारांच्या हातात पैसा खुळखुळायचा आणि उत्सवाला कुणाला बोलवायचं यावर गावागावांत चुरस लागायची. जवळच्या मेलट्टूर, ऊत्तुक्काडु, शूलमंगलम या गावांत भागवतमेळ्याची परंपरा होती; नरसिंहजयंतीच्या सुमारास गावचे पुरुष रात्रभर प्रह्लादचरित्र सादर करायचे. अशा गावातला श्रोता लहानपणापासून राग ओळखतो, तालाची चूक ओळखतो आणि आख्यान कुठे लांबलं हेही ओळखतो. त्याच्यासमोर कथा करणं सोपं नव्हतं.

शूलमंगलमचे वैद्यनाथ भागवतर याच मातीतले. स्वतः नावाजलेले कथेकरी, तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेचा भार खांद्यावर घेणाऱ्यांपैकी एक. त्यांनी आपल्या काळातल्या आणि थोड्या आधीच्या विद्वानांच्या आठवणी लिहिल्या. मला ते मोलाचे वाटतात ते चाहता म्हणून. कथेकऱ्याने दुसऱ्या कथेकऱ्याची थोरवी मोकळ्या मनाने लिहावी, ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे.

आता कृष्ण भागवतरांकडे. १८६० च्या दशकात महाराष्ट्रातून मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला आले आणि चातुर्मास तिथे राहिले, असं ही परंपरा सांगते. चार महिने रोज कीर्तन. तंजावरकरांना मराठी कीर्तन नवीन नव्हतं. पण हा बांधेसूदपणा, पूर्वरंगातलं निरूपण, मग आख्यान, प्रसंगाप्रमाणे बदलणारी वृत्तं आणि गद्यातून पद्यात नकळत शिरण्याची ही हातोटी त्यांना नवीन वाटली. ऐकणाऱ्यांत तरुण कृष्ण होते. पुढे त्यांनी जे केलं ते शब्दांत सोपं दिसतं: मराठी कीर्तनाचा सांगाडा घेतला आणि त्यात कर्नाटक संगीत भरलं. आरंभी पंचपदी ठेवली. मराठी वृत्तं ठेवली, पण त्यांत तमिळ आणि तेलुगू भाषा आणली. साकीच्या जोडीला त्यागराजांची कृती आली. अभिनयाचं अंग त्यांना उपजत होतं, आवाज गोड होता.

हे मी दोन ओळींत लिहिलं, पण त्यातली अडचण कारागिराची आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. दिंडीची ओळ एकोणीस मात्रांची, नऊ आणि दहा अशी मोडणारी. त्या मोडणीतच तिची चालण्याची लय आहे. पहिला तुकडा पाऊल उचलतो, दुसरा टेकवतो. साकी अठ्ठावीस मात्रांची, सोळा आणि बारा. ती सांगायला बसते, तिला घाई नसते. मराठीत यमक ओळीच्या शेवटी येतं आणि कान तिथे वाट पाहत असतो. तमिळ पद्यात मुख्य प्रास ओळीच्या सुरुवातीला, दुसऱ्या अक्षरावर असतो. तमिळ श्रोत्याचा कान तिथे. म्हणजे दिंडी तमिळमध्ये न्यायची तर मात्रा मराठीच्या सांभाळायच्या आणि प्रास मात्र तमिळ कानाला हवा तिथे द्यायचा. शिवाय हे सगळं कथेच्या ओघात: गद्य वाक्याचा शेवटचा शब्द जरा वर उचलायचा, तंबोऱ्याच्या सुरात मिसळायचा, चिपळी वाजायची, आणि श्रोत्याला कळायच्या आत साकी सुरू झालेली असायची. प्रसंग चढला की घनाक्षरी, करुण रस आला की अंजनीगीत. आपल्याकडच्या जुन्या हरदासांना ऐकलेल्यांना हे सांधे माहीत आहेत. ते सांधे परक्या भाषेत, परक्या रागपद्धतीत तसेच्या तसे लवचिक ठेवणं ही मोठ्या प्रतिभेची गोष्ट आहे. मराठीची नक्कल म्हणून तिला कमी लेखणारे आणि मराठीचं नावही न घेणारे, दोघेही तिच्यावर अन्याय करतात.

आणि हे एकट्या माणसाचं काम नव्हतं. म्हणूनच मी संच हा शब्द वापरतो. मागे झील धरणारा, टाळ धरणारा, आणि मृदंगावर नारायणस्वामी अप्पा. हे अप्पा तंजावरचे मराठी. तंजावर बाणीच्या मृदंगवादनाची वंशावळ लिहायला बसलं की सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते. त्या वादनात मराठी भजनातल्या तालवाद्यांचा संस्कार मिसळला आहे असं जाणकार मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे. कथेला साथ करणं मैफलीच्या साथीहून वेगळं. गद्य चालू असताना वाजवायचं नाही, पण हात तयार ठेवायचा. नाव उच्चारलं की एक थाप, रथ निघाला की चाल, राक्षस आला की गडगडाट. कथेकरी कुठे वळणार हे साथीदाराला त्याच्या आधी कळावं लागतं. असा संच वर्षानुवर्षं एकत्र फिरल्याशिवाय बनत नाही.

अशा संचाच्या पहिल्या दिवसांची आठवण ऐकणाऱ्यांकडेच उरते, आणि जगात इतरत्रही असंच घडतं. बीटल्सची गाणी सगळ्यांना पाठ आहेत, पण लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबच्या तळघरात दुपारच्या सुट्टीत ते वाजवायचे तेव्हा काय वाटायचं, हे तिथे उभ्या असलेल्या पोरापोरींनीच सांगितलं. डिसेंबर १९६२ मध्ये हॅम्बर्गच्या स्टार क्लबमध्ये घरगुती टेपरेकॉर्डर चालू ठेवला गेला म्हणून त्या दिवसांचा खरखरीत पुरावा तरी आहे. तंजावरला तेही भाग्य नव्हतं. मात्र दोन्हीकडच्या चाहत्यांचा सूर सारखा आहे: पहिल्या दिवसांत जे होतं ते पुढे राहिलं नाही. या वाक्याला अनेक अभ्यासक भाबडेपणा म्हणून बाजूला सारतात. मी ते सारणार नाही. त्या तक्रारीत माहिती दडलेली असते. नंतरच्या कथेत गाणं वाढलं आणि गोष्ट आटली, अशी कुरकुर एखादा जुना श्रोता करतो, तेव्हा तो आपल्याला नकळत सांगत असतो की आधी गोष्ट केंद्रस्थानी होती आणि गाणं तिच्या मागून चालत होतं. वर्ष-महिना तो चुकेल, आवाजाची उंची वाढवून सांगेल. पण कोणत्या जागी आपल्या डोळ्यांत पाणी आलं, हे तो सहसा चुकत नाही.

कृष्ण भागवतरांच्या कथांत सर्वांत जास्त नाव झालं ते नंदनचरित्राचं. ही गोपालकृष्ण भारतींची रचना. शेतमजूर असलेला, शिवाच्या दर्शनाला तळमळणारा, आणि जातीमुळे चिदंबरमच्या दाराबाहेर ठेवलेला नंदन. आपल्याकडे चोखोबा आहेत, म्हणून ही कथा आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेची एक हकिगत स्वामिनाथ अय्यरांनी नोंदवली आहे, ती इथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. भारतींनी महाविद्वान मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे ग्रंथाला प्रशस्तीपर पद्य मागितलं. पिळ्ळै व्याकरणाचे कडक. त्यांना रचनेत दोष दिसत होते. ते टाळत राहिले. भारती पुन्हा पुन्हा येत राहिले. एके दुपारी पिळ्ळै आत विश्रांती घेत होते आणि भारती बाहेर ओटीवर वाट पाहत बसले. बसल्या बसल्या ते नंदनाचं एक पद गुणगुणू लागले, मग त्यात रमले. आत पिळ्ळै ऐकत होते. व्याकरण बाजूला राहिलं, डोळे भरून आले, आणि बाहेर येऊन त्यांनी पद्य लिहून दिलं. हेच पिळ्ळै पुढे स्वामिनाथ अय्यरांचे गुरू झाले. विशेष म्हणजे शिष्य भारतींकडे गाणं शिकतो हे त्यांना आवडलं नाही, आणि अय्यरांनी ते शिक्षण सोडलं. गाण्याने रडलेला माणूस शिष्याला गाण्यापासून दूर ठेवतो, आणि तोच शिष्य पुढे घनम कृष्ण अय्यर, गोपालकृष्ण भारती आणि महावैद्यनाथ अय्यर या तीन गायक-वाग्गेयकारांची चरित्रं लिहितो. सुटलेलं शिक्षण त्यांनी अशा रीतीने आठवणींतून पुरं केलं, असं मला ही चरित्रं वाचताना वाटतं.

नंदनाची कथा छापली गेली, लोकांनी वाचली. पण गावोगाव पोचवली ती कथेकऱ्यांनी. १८७० च्या दशकात रेल्वे या भागातून जाऊ लागली आणि संचाला फिरणं सोपं झालं. एका गावात ऐकलेला चाहता दुसऱ्या गावच्या उत्सवालाही जाऊन बसू लागला. आज ज्याला आपण संगीताचा जाहीर श्रोता म्हणतो, तिकीट काढणारा, तुलना करणारा, आवडत्या कलावंतासाठी भांडणारा, तो मद्रासेच्या सभागृहांच्या आधी या मंदिरांच्या आवारांत घडला.

त्या भांडणांचा एक प्रसंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. सी. सरस्वतीबाई ही तरुण मुलगी कथा करायला उभी राहिली तेव्हा पुरुष भागवतरांनी कडाडून विरोध केला. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने जाहीरपणे कथा करावी, हे त्यांना सोसवेना. श्रोत्यांनी मात्र तिला उचलून धरलं. ती मराठीसह अनेक भाषा शिकली, देशभर फिरली, आणि तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. कृष्ण भागवतरांनी घडवलेल्या कथेचा यंत्रातून ऐकू येणारा अगदी सुरुवातीचा आवाज त्यामुळे एका बाईचा आहे. मला याचा आनंद वाटतो.

पापनाशमच्या नावाने पुढे ओळखले गेलेले शिवन हे या गोष्टीचं पुढचं टोक. जन्मनाव रामय्या, जन्म १८९० साली तंजावर जिल्ह्यातल्या पोलगमचा. वडील लवकर गेल्यावर कुटुंब त्रावणकोरला गेलं. आईच्या निधनानंतर ते भटकत राहिले. भाऊ पापनाशमला राहत असे, तिथे ते आले. अंगभर भस्म लावून मंदिराभोवती भजन करत फिरणाऱ्या या तरुणाला लोकांनी ‘पापनाशम शिवन’ म्हणायला सुरुवात केली. नाव चाहत्यांनी दिलं आणि तेच टिकलं. मद्रासेत मैलापूरच्या कपालीश्वराभोवती मार्गळी महिन्याच्या पहाटे त्यांच्या मागून भजन म्हणत चालणाऱ्या माणसांच्या आठवणी हा एका वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे. इथे एवढंच सांगतो की १९३४ मध्ये ‘सीताकल्याणम’ या तमिळ बोलपटाला त्यांनी संगीत दिलं, आणि तो बोलपट काढला होता आपल्या प्रभात फिल्म कंपनीने, दिग्दर्शन बाबूराव पेंढारकरांचं. राम आणि सीता झाले होते एस. राजम आणि त्यांची सख्खी बहीण जयलक्ष्मी. तंजावरला गेलेलं कीर्तन कोल्हापूरकरांच्या कॅमेऱ्यासमोर तमिळ होऊन परत आलं, आणि आपल्या चित्रपटांच्या इतिहासात त्याचा उल्लेख एखाद्या यादीतल्या ओळीपुरता असतो.

पुढील प्रकरणांत मी शक्य तिथे आठवण सांगणाऱ्याला मध्ये न अडवता बोलू दिलं आहे. दोन आठवणी एकमेकींशी जुळत नसतील तर त्यांचा मेळ घालायचा हट्ट केलेला नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या आहेत. गावांची नावं तमिळ उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत, पण तंजावर हे तंजावरच ठेवलं, कारण मराठी माणसाच्या तोंडी तीन शतकं तेच आहे. तंजावरकडच्या मराठी घरांत अजूनही कीर्तनाच्या जुन्या वह्या निघतात. कुणी मोडीत लिहिलेल्या, कुणी मराठी पदं तमिळ किंवा ग्रंथ लिपीत उतरवलेल्या, समासात राग आणि ताल टिपलेल्या. कागद ठिसूळ झाला आहे आणि मोडी वाचणारे हात कमी होत आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात राजघराण्याचा संग्रह सुरक्षित आहे. या घरगुती वह्यांना तसं छत्र नाही. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये, निदान एकदा तरी जाणत्या माणसाला दाखवावी. समासातल्या एखाद्या खुणेवरून साकी कुठे संपत होती आणि राग कुठे सुरू होत होता, हे अजूनही सापडू शकतं.